वाचकांचे प्रश्न : मेटल डिटेक्टर कुठला आणि कसा

या वेळी मेटल डिटेक्टरबद्दल इतकी पत्रे आली की सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे. कुणाला शेतात पडलेला दागिना शोधायचा आहे, कुणाला गणपती मंडळासाठी हातातला डिटेक्टर घ्यायचा आहे, कुणी शेवेच्या कारखान्यातून लिहिले आहे. बहुतेक पत्रांत दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत : यंत्र बनले कुठे, आणि ते चांगले आहे का? आम्ही ते वेगळे ठेवून उत्तरे दिली आहेत. चीनमध्ये बनलेले यंत्र वर्षानुवर्षे इमानाने चालू शकते, आणि तिरंगा छापलेल्या पेटीतली कॉइल पहिल्या पावसात मान टाकू शकते.

प्रश्न : सोयाबीन काढताना आईची अंगठी आणि मंगळसूत्र रानात पडले. सात हजारांचा डिटेक्टर ऑनलाइन मागवला आहे. परत करायची मुदत सात दिवस. तेवढ्यात तो चांगला की वाईट हे कसे ठरवू? — एक वाचक, सांवेर

सगळ्यात आधी एक विनंती. शोध पूर्ण होईपर्यंत त्या रानात कल्टिव्हेटर घालू नका. एका पाळीतही अंगठी जागची सरकते आणि खोलही जाते. आपल्याकडची काळी माती काढणीनंतर वाळून भेगाळते. भेगेत पडलेली वस्तू हातभर खाली गेली, तर कुठल्याच स्वस्त यंत्राचा हात तिथे पोचत नाही. म्हणून रान भेगाळायच्या आत शोधा.

आता यंत्र. पेटी आणि थर्माकोल जपून ठेवा आणि पहिल्याच दिवशी तपासायला बसा. अंगणात लाकडी स्टूल किंवा प्लास्टिकची खुर्ची ठेवा, लोखंडी खाट नको. सिमेंटच्या फरशीवर बसू नका, तिच्याखाली सळई असते. मोबाइल घरात ठेवा, इन्व्हर्टर आणि मोटर लांब असू द्या. नवे अल्कलाइन सेल घाला. कॉइल आडवी, स्थिर ठेवा, सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवा आणि यंत्र आपोआप किरकिरायला लागले तर एकेक पायरी खाली आणा. मोकळ्या जागेतही निम्म्याखाली आणल्याशिवाय ते गप्प बसत नसेल, तर पुढच्या चाचण्यांची गरज नाही, परत करा.

गप्प बसले, तर कॉइलजवळ रिकामा तळहात न्या. अंगठी, घड्याळ, कडे आधी काढा. आवाज यायला नको. आला तर कॉइलला आतून शील्ड, म्हणजे बाहेरचे विजेचे परिणाम अडवणारे आवरण, नाही किंवा त्याची जोडणी सुटली आहे. असे यंत्र ओल्या गवतावर सतत वाजत राहते. मग बोटाच्या पेराने कॉइलवर हलके टकटक करा. टकटकीसरशी आवाज येत असेल, तर आतली गुंडाळी एपॉक्सीत घट्ट बसवलेली नाही. डिटेक्टरमध्ये एक कॉइल चुंबकीय क्षेत्र सोडते आणि दुसरी ऐकते. ऐकणाऱ्या कॉइलला पहिलीचा आवाज जवळजवळ शून्य यावा, अशा बेताने दोन्ही बसवलेल्या असतात. गुंडाळी केसभर हलली तरी हा तोल जातो. स्वस्त यंत्रातला खरा पैसा इथेच वाचवलेला असतो, म्हणून ही टकटक चुकवू नका.

पल्ला मोजायला एक-दोन रुपयांचे नाणे घेऊ नका. चलनातली ही नाणी बहुतेक स्टेनलेस स्टीलची आहेत, लोहचुंबकाला चिकटतात आणि डिटेक्टर त्यांना लोखंडात काढतो. दहा रुपयांचे दुरंगी नाणे घ्या, त्याचा व्यास २७ मिमी आहे. लाकडी पट्टी कॉइलच्या मध्यावर उभी धरा आणि नाणे आडवे, सपाट बाजू कॉइलकडे करून, दोन्ही बाजूंना हलवत खाली आणा. आठ इंची कॉइलला ते हवेत १५ ते २० सेंमीवर स्पष्ट ऐकू यायला हवे. १२ सेंमीच्या आत आल्यावरच कळत असेल, तर यंत्र ठेवू नका. नाणे उभे केले की पल्ला कमी होतो, तो दोष नाही.

आता तुमच्या आईच्या दागिन्यांसारखेच दागिने घेऊन बसा. तीन-चार ग्रॅमची अंगठी आधी तपासा, मग नाजूक साखळी. अंगठी म्हणजे धातूचे एकसंध बंद वर्तुळ. त्यात प्रवाह भोवऱ्यासारखा फिरतो आणि यंत्राला नीट ऐकू येतो. साखळीतली प्रत्येक कडी मात्र स्वतंत्र बारीक वर्तुळ असते, कड्या एकमेकींना नुसत्या टेकलेल्या असतात. त्यामुळे १० ग्रॅमची साखळी २ ग्रॅमच्या अंगठीपेक्षा कमी वाजते. काळ्या मण्यांचा तर प्रश्नच नाही, ती काच आहे. तुम्हाला शोधायच्या आहेत त्या मंगळसूत्राच्या वाट्या. तशाच वाट्या घरात कुणाच्या असतील, तर त्यांचा आवाज नीट कानात बसवून मग रानात जा.

रानातली परीक्षा वेगळी आहे. माळव्याची काळी माती बेसॉल्टपासून बनलेली आहे, तिच्यात चुंबकाकडे ओढले जाणारे कण असतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या मातीतून फिरवा, काळी बारीक कणी पिशवीवर केसांसारखी उभी राहतील. हीच कणी स्वस्त यंत्राला गोंधळात पाडतात. 'ग्राउंड बॅलन्स' म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल गाळण्याची सोय. ती परदेशी बागेतल्या मातीवर कायमची बेतलेली, म्हणजे 'फिक्स्ड', असेल, तर इथे पल्ला निम्मा होतो किंवा यंत्र पावलोपावली वाजते. परीक्षा अशी : जमिनीत धातू नाही अशा जागी कॉइल ३० सेंमीवरून ५ सेंमीवर आणा, पुन्हा वर न्या, असे आठ-दहा वेळा करा. प्रत्येक वेळी खाली येताना आवाज येत असेल आणि तो ग्राउंड बॅलन्सच्या बटणाने किंवा खुंटीने जात नसेल, तर हे यंत्र आपल्या मातीसाठी बनलेलेच नाही. खुंटी मुळातच नसेल तर सेन्सिटिव्हिटी उतरवण्याशिवाय इलाज नाही. सात हजारांत हाताने जुळवता येणारा ग्राउंड बॅलन्स मिळत असेल, तर रंगीत पडदा आणि वायरलेस हेडफोन खुशाल सोडून द्या.

जवळ वीटभट्टी असेल तर भाजलेल्या विटेचा तुकडाही कॉइलखालून न्या. भाजलेली वीट चुंबकीय होते आणि कित्येक यंत्रे तिला धातू म्हणतात. रानात विटेचे तुकडे असले तर हे आधी माहीत असलेले बरे.

शेवटी दहाचे नाणे १० सेंमी खोल पुरा, माती पायाने दाबा आणि शोधा. शोधताना दोऱ्या ताणून एक-एक मीटरचे पट्टे पाडा. कॉइल जमिनीपासून २-३ सेंमीवर, सपाट, झोक्यासारखी टोकाला न उचलता फिरवा आणि प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवा. एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर. 'डिस्क्रिमिनेशन', म्हणजे नको ते धातू गाळण्याची सोय, बंद ठेवा. खिळे खणावे लागतील, पण अंगठी गाळली जाणार नाही. तंबाखूच्या पुडीची चंदेरी पन्नी आणि हलकी सोन्याची अंगठी जवळजवळ सारखीच वाजतात. त्यांतला फरक सांगणारे बटण कुठल्याही कंपनीकडे नाही.

प्रश्न : पेटीवर 'मेड इन इंडिया' लिहिले आहे, पण सेलचे झाकण काढले तर आत चिनी अक्षरांची चिकटपट्टी. दुकानदार म्हणतो, बारकोड ८९०ने सुरू होतो म्हणजे माल भारतीयच. — लोकमान्य नगर, इंदूर

दुकानदाराची समजूत चुकीची आहे. ८९० हा आकडा एवढेच सांगतो की बारकोड घेणारी कंपनी भारतातल्या संस्थेकडे नोंदलेली आहे. माल कुठे बनला हे त्यातून कळत नाही. चिनी नोंदणीचे आकडे ६९०पासून, तुर्कस्तानचे ८६८-८६९. भारतीय व्यापारी चीनमधल्या शेन्झेनहून माल आणून त्यावर स्वतःचा ८९०चा बारकोड लावू शकतो आणि त्यात काही बेकायदा नाही. बेकायदा आहे ते मूळ देश लपवणे. पॅकबंद मालाच्या २०११च्या वजनमाप नियमांनुसार आयात मालावर मूळ देश, आयातदाराचे नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. ऑनलाइन विक्रेत्याला मूळ देश संकेतस्थळावरही दाखवावा लागतो. पत्त्याच्या जागी नुसते 'मार्केटेड बाय' असेल आणि 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' कुठेच नसेल, तर विचारा. लेखी उत्तर टाळले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

'सीई' हा छापही मूळ देशाचा नाही. तो युरोपात माल विकण्यासाठी उत्पादक बहुतेक वेळा स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. त्याचा अर्थ 'चायना एक्स्पोर्ट' अशी कंडी बाजारात फिरते, तीही खोटी.

आत पाहायचे असेल तर हमी संपल्यावर पाहा, कारण स्क्रू फिरवला की हमी गेली. सर्किटच्या हिरव्या पाटीवर '९४व्ही-०' आणि शेजारी इंग्रजी 'ई'ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक असेल, तर तो पाटी बनवणाऱ्या कारखान्याला यूएल या अमेरिकी तपासणी संस्थेने दिलेला क्रमांक. यूएलच्या संकेतस्थळावर तो टाकला की कारखान्याचे नाव आणि देश निघतो. आयसीवर, म्हणजे पाटीवरच्या काळ्या चिपवर, बहुतेक वेळा चार आकडे असतात. '२३१८' म्हणजे २०२३ सालचा १८वा आठवडा. पेटीवरची तारीख त्याआधीची असेल, तर पेटी खोटे बोलते आहे. आयसीवरची अक्षरे घासून काढलेली दिसली, तर दुसऱ्याचे डिझाइन उचलले असण्याची शक्यता मोठी.

यंत्र चार्ज होणारे असेल तर एक सोपी वाट आहे. लिथियम सेल आणि चार्जरला भारतात बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, सक्तीची नोंदणी लागते. सेलवर 'आयएस १६०४६' आणि इंग्रजी 'आर'ने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' अॅपमध्ये तो क्रमांक टाका, सेल कुणी आणि कुठे बनवला हे समोर येते. क्रमांकच नसेल किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर अशी बॅटरी रात्री चार्जिंगला लावून झोपू नका.

आता तुमच्या यंत्राबद्दल. भारतात मोल्ड केलेला दांडा आणि डबा, चीनमधून आलेले सर्किट आणि कॉइल, इथे जोडणी, असा प्रकार सर्रास असतो. सरकारी खरेदीत यासाठी निकष आहे : ५० टक्के किंवा अधिक भाग इथला असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० टक्के असेल तर दुसरा. विक्रेता सरकारी पोर्टलवरही माल देत असेल, तर त्याने तिथे स्वतःचा टक्का लिहून दिलेला असतो. तो मागा. आमच्या मते घरगुती ग्राहकाने एकच प्रश्न विचारावा : कॉइल तुटली तर नवी कोण देईल, किती दिवसांत आणि कितीला? ज्याच्याकडे या प्रश्नाचे लेखी उत्तर आहे, त्याचा माल कुठून आला हे दुय्यम.

प्रश्न : एकाच चेहऱ्याची यंत्रे चार-पाच नावांनी दिसतात. खरे कुठले? — सुदामा नगर

बहुधा सगळी एकाच कारखान्यातली. 'एमडी-३०१०', 'एमडी-६२५०' अशा नावांची चिनी यंत्रे वेगवेगळे व्यापारी आपापले लेबल लावून विकतात. नाव सोडा, चेहरा पाहा : पडद्यावरच्या चित्रांची जागा, बटणांची ओळ, कॉइलला दांडा जोडायचे कान, सेलचे झाकण. चारही जुळले तर यंत्र एकच आहे, मग जो हमी देतो आणि सुटी कॉइल विकतो त्याच्याकडून घ्या.

यातले ६२५० अमेरिकेच्या गॅरेट कंपनीच्या 'एस (ACE) २५०'सारखे दिसते. पडद्यावर १, ५, १०, २५, ५० असे आकडे आले तर ते अमेरिकन सेंट आहेत. आपल्या नाण्यांशी त्यांचा संबंध नाही. पाच रुपयांचे नाणेच वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या धातूंत निघाले आहे, ते दर वेळी वेगळ्या खणात दिसेल.

प्रश्न : नामांकित ऑस्ट्रेलियन कंपनीचे यंत्र चौथाई किमतीत मिळते आहे, पण पेटीवर मलेशिया लिहिले आहे. नकली असेल ना? — महू

मलेशिया लिहिलेले असणे हा नकलीपणाचा पुरावा नाही. मिनलॅब ऑस्ट्रेलियाची, पण तिची यंत्रे मलेशियात बनतात. गॅरेट टेक्सासमधल्या गारलंडची, फिशर आणि बाउंटी हंटर एल पासोची, नोक्टा इस्तंबूलची, एक्सपी फ्रान्सची. शंका घ्यायची ती चौथाई किमतीची. मिनलॅब आणि गॅरेट दोघींच्याही नकला बाजारात आहेत आणि दोघींनी ग्राहकांना सावध केले आहे. पैसे देण्याआधी अनुक्रमांकाचा फोटो मागवा आणि कंपनीकडे तपासून घ्या. विक्रेता 'माल आल्यावर पाहा' म्हणाला तर तिथेच थांबा. नकली यंत्र कंपनी दुरुस्तीला घेत नाही आणि अधिकृत कॉइल त्यावर नीट जुळेलच असेही नाही.

प्रश्न : एकजण दोन अँटिनांची मूठ दाखवतो. त्यात 'सोने' निवडले की ३० मीटरवरून सोन्याकडे वळते म्हणतो. किंमत ४० हजार. — खरगोन

घेऊ नका. नाण्याएवढ्या वस्तूचा प्रतिध्वनी अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होतो. अंतर दुप्पट झाले की तो ६४ पटींनी कमी होतो. म्हणून चांगले यंत्रही नाण्यासाठी २०-३० सेंमीवर अडते, हंड्याएवढ्या वस्तूसाठी फार तर मीटर-दीड मीटरवर. ३० मीटर हा आकडा कुठल्याच हिशेबात बसत नाही. मुठीतली अँटिना सैल सांध्यावर फिरते, मनगट किंचित कलले की ती वळते आणि धरणाऱ्याला ते स्वतःलाही कळत नाही. ब्रिटनच्या जेम्स मॅककॉर्मिकने अशीच मूठ 'एडीई ६५१' नावाने बॉम्ब शोधायचे यंत्र म्हणून इराकसह अनेक देशांना विकली. आत काम करणारे काहीच नव्हते. २०१३ साली त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. तोवर चौक्यांवरची माणसे तिच्यावर भरवसा ठेवून गाड्या पुढे सोडत होती.

परीक्षा हवी असेल तर दहा सारख्या डब्यांपैकी एकात अंगठी ठेवा. ठेवणारा खोलीबाहेर जाऊ द्या, विक्रेता आणि बघणारे कुणालाच डबा माहीत नको. वीस वेळा करा. नुसत्या अंदाजाने सरासरी दोनदा बरोबर येईल.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या जागेत डिटेक्टर फिरवला तर चालेल का? — देवास

स्वतःच्या जागेत हरवलेली वस्तू शोधायला अडचण नाही. पण १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. संरक्षित स्मारकात यंत्र घेऊन शोधायला जाऊ नका, आणि त्याच्यापासून १०० मीटरच्या निषिद्ध पट्ट्यात खणायलाही. जुन्या नाण्याची माती घासून काढू नका. त्या मातीत ते किती काळ पडून होते याची खूण असते.

प्रश्न : मंडळासाठी अठराशे रुपयांचे सहा हँड डिटेक्टर घेतले. पायाजवळ नेले की प्रत्येक माणसाला वाजतात. माल खराब आहे का? — राजेंद्र नगर

बहुतेक खराब नाही. तुम्ही सिमेंटच्या फरशीवर उभे आहात आणि खालची सळई ते ऐकत आहेत. तपासणीच्या जागी १५-२० सेंमी उंच लाकडी पाट किंवा फळ्यांचा मंच करा. खिळे मारू नका, लाकडी खुंट्या किंवा फेविकॉल वापरा. लोखंडी बॅरिकेडपासून हातभर लांब राहा. एवढे करूनही पायाशी वाजले तर बुटातली लोखंडी पट्टी तपासा.

सहाही नग एकसारखे आहेत का ते पाहा, स्वस्त मालात इथेच फरक पडतो. दाढीचे ब्लेड कागदात गुंडाळून टेबलाला चिकटवा आणि प्रत्येक नग टोकाकडून, मधून आणि मुठीजवळून ५ सेंमी वरून न्या. मध्ये वाजतो आणि टोकाला मुका, असा नग बदलून घ्या. मग किल्लीचा जुडगा १० सेंमीवरून. नंतर अर्धवट संपलेली बॅटरी घालून हेच पुन्हा करा. चांगला नग बॅटरी उतरली की दिवा लावून सांगतो, वाईट नग गुपचूप बहिरा होतो. दारावर उभ्या असलेल्या माणसाला ते कळतही नाही. रिचार्ज होणाऱ्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या प्रत्यक्षात ८.४ किंवा ७.२ व्होल्टच्या असतात, त्यांवर दिवा लवकर लागतो. ढोल वाजत असताना बीप ऐकू येत नाही, म्हणून थरथरणारा नग घ्या. सगळ्यात आधी मोडते ती बॅटरीच्या टोपणाची वायर. सहा नगांमागे दोन टोपणे आणि झाळकाम येणारा एक मुलगा मंडळात असू द्या.

छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने सांगितले, तर डिटेक्टर छातीवर धरू नका, हाताने तपासा. आणि हे यंत्र फक्त धातू ओळखते. स्फोटक किंवा प्लास्टिक ते ओळखत नाही, हे स्वयंसेवकांना पहिल्या दिवशीच सांगा.

प्रश्न : आमचा शेव-मिक्स्चरचा छोटा कारखाना आहे. पट्ट्यावरचा जुना डिटेक्टर स्वस्तात मिळतो आहे. काय पाहावे? — पालदा, इंदूर

तुमच्याकडे धातू येतो तो बहुधा चाळणीच्या तुटलेल्या तारेतून, झाऱ्यातून किंवा शेवेच्या जाळीतून, म्हणजे स्टेनलेस स्टील. डिटेक्टरला हेच सगळ्यात जड जाते. लोखंडाची १.२ मिमीची गोळी पकडणारे यंत्र स्टेनलेसची २ मिमीची गोळी सोडून देऊ शकते, म्हणून विक्रेता लोखंडाची गोळी दाखवेल तेव्हा स्टेनलेसची मागा. गोळ्या प्रमाणपत्र असलेल्या, क्रमांक छापलेल्या पट्टीतल्याच हव्यात.

गोळी पट्ट्याच्या कडेने नेली तर सहज वाजते. पाकिटे ज्यातून जातात त्या डिटेक्टरच्या बोगद्याचा नेमका मध्य हा सगळ्यात कमकुवत बिंदू असतो. गोळी शेवेच्या पाकिटात, मध्याच्या उंचीवर ठेवून नेता येते का पाहा. पाकिटाच्या पुढे, मध्ये, मागे, तीनही जागी दहापैकी दहा वेळा वाजले आणि फेकणाऱ्या दांड्याने तेच पाकीट फेकले, तरच पुढे बोला. वाजले पण पुढचे पाकीट फेकले गेले, असे जुन्या यंत्रात नेहमी होते. पट्ट्याचा वेग बदललेला असतो आणि टायमर जुनाच. मग तुमच्या चाळणीची एक सेंमी तार उभी, आडवी आणि तिरपी घालून पाहा. एका दिशेने ती सुटेल. म्हणून चाळणी रोज तपासण्याचे काम डिटेक्टर आला तरी संपत नाही.

चंदेरी पाकिटे वापरत असाल तर यंत्र भरणीच्या आधी बसवा. पॉलिस्टरवरचा अॅल्युमिनियमचा पातळ थर सेन्सिटिव्हिटी उतरवायला लावतो, जाड अॅल्युमिनियम फॉइल तर साध्या यंत्राला आंधळे करते. गरम, ओल्या, खारट मालाचाही स्वतःचा सिग्नल येतो. यंत्र गार शेवेवर जुळवले असेल तर गरम शेवेवर पुन्हा जुळवा. बोगद्याच्या दोन्ही बाजूंना पुस्तिकेत लिहिलेली धातुमुक्त जागा सोडा. चौकटीचा सैल बोल्ट थरथरत असेल तर तोच दिवसभर खोटे बीप देत राहील.

प्रश्न : दीड वर्षाचे यंत्र हल्ली झोका संपला की वाजते, खाली काहीच नसते. कॉइल गेली का? — तिलक नगर, इंदूर

आधी सेल बदला, मग वायर पाहा. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली नसेल तर झोक्याच्या टोकाला ती हलते आणि यंत्र तिलाच धातू समजते. वेल्क्रोच्या पट्ट्या लावून गुंडाळी आवळा, फक्त कॉइलजवळ चार बोटे सैल ठेवा. तिथला बोल्ट प्लास्टिकचाच आहे ना हेही पाहा. हरवला म्हणून कुणी लोखंडी घातला असेल, तर दोष सापडला.

तरी वाजले तर यंत्र स्टुलावर स्थिर ठेवा आणि वायर फक्त दोन ठिकाणी हलवा : कॉइलमध्ये शिरते तिथे आणि डब्याच्या कनेक्टरजवळ. कनेक्टरजवळ वाजले तर नशीब चांगले, पिनेचा टाका सुटलेला असतो. वायर उपसण्याआधी पिनांचा फोटो काढा, रंग लिहा, मग टाका द्या. शील्डची जाळी तिच्या पिनेलाच परत जोडा. ती सुटी राहिली तर ओल्या गवतावर यंत्र थांबणारच नाही. मल्टिमीटरवर दोन्ही गुंडाळ्या सलग दिसायला हव्यात. वायर हलवताना आकडा उडत असेल, तर तार आतून तुटली आहे.

कॉइलमध्ये शिरते तिथे वाजत असेल तर कॉइल फोडू नका. आत एपॉक्सी भरलेले असते, तार काढताना दोन गुंडाळ्यांचे अंतर अर्ध्या मिलिमीटरने सरकले तरी तोल परत येत नाही. तुमच्या यंत्राच्या मॉडेलची, तितक्याच पिनांची आणि त्याच फ्रिक्वेन्सीची कॉइल मागवा. नुसता प्लग बसला म्हणून कॉइल जुळली असे होत नाही. दुकानात जाताना यंत्र बरोबर न्या आणि पैसे देण्याआधी दहाच्या नाण्याची परीक्षा तिथेच घ्या.